मोठी कॅस्केड डिलीट संपता संपत नाही: सोलापूरच्या डेव्हलपरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापुरात राहून इथल्याच कारखान्यांची, पतसंस्थांची, दवाखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना असो की चिंचोळीतलं गोदाम, डेटाबेस पाच-सात वर्षं चालला की जुना डेटा काढायची वेळ येतेच. मग संध्याकाळी सुरू केलेली डिलीट सकाळच्या पाळीपर्यंत चालूच असते आणि मालकांचे फोन सुरू होतात.

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: टेरी टॉवेलच्या कारखान्याचा डेटाबेस. त्यात व्यापाऱ्यांच्या 'ऑर्डर', प्रत्येक ऑर्डरीत साइज आणि रंगाप्रमाणे साधारण ८ 'आयटम', आणि प्रत्येक आयटमखाली 'माग_नोंद', म्हणजे कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत किती नग विणले, माग किती वेळ आणि कशामुळे बंद राहिला. माग_नोंद सगळ्यांत मोठं टेबल, समजा २ कोटी रो (ओळी). ऑर्डर काढली की तिचे आयटम जातात, आयटम गेला की त्याच्या माग_नोंदी जातात; ही जोडणी फॉरेन कीने (खालच्या टेबलातून वरच्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने) केली आहे, आणि दोन्ही फॉरेन कीवर 'ऑन डिलीट कॅस्केड' (वरची रो गेली की खालच्या आपोआप जातात) आहे. वरचं टेबल पॅरेंट, खालचं चाइल्ड. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत. उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेसची आहेत, दुसरा डेटाबेस वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

फक्त १०,००० ऑर्डरी काढायच्या आहेत. एवढ्याला तासन्‌तास कसे लागतात?

तुम्ही एक डिलीट लिहिता, पण आत हजारो चालतात. पोस्टग्रेस फॉरेन की आतल्या ट्रिगरने (ठरलेली घटना घडली की आपोआप चालणाऱ्या कोडने) सांभाळतो आणि कॅस्केडचा ट्रिगर प्रत्येक रोमागे एकदा चालतो. १०,००० ऑर्डरी गेल्या की आयटम टेबलवर १०,००० वेगवेगळ्या डिलीट चालतात. प्रत्येकीचं काम एवढंच, की या ऑर्डर क्रमांकाचे आयटम शोधायचे आणि काढायचे. त्यातून ८०,००० आयटम जातात, म्हणजे माग_नोंदवर आणखी ८०,००० डिलीट.

आता माग_नोंदमधल्या आयटम क्रमांकाच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, रो पटकन शोधून देणारी रचना) नसेल, तर त्या ८०,००० पैकी प्रत्येक डिलीट २ कोटी रो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. एका वाचनाला २ सेकंद धरले तरी १,६०,००० सेकंद झाले, म्हणजे ४४ तासांच्याही वर. इंडेक्स असेल तर तोच शोध तीन-चार पानं उलगडून संपतो आणि सगळं काम काही मिनिटांवर येतं.

कॅस्केड हळू चालते या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे मालकांना मोठा सर्व्हर घ्यायला सांगण्याआधी हे तपासा. छोट्या कारखान्यात तो खर्च सुताच्या आणि मजुरीच्या पैशांतून निघतो. जे काम एका इंडेक्सने होतं, त्यासाठी तो करायला लावणं बरोबर नाही.

फॉरेन की लावली की इंडेक्स आपोआप होतो ना?

पोस्टग्रेसमध्ये होत नाही. पॅरेंटच्या बाजूला प्रायमरी की किंवा युनिक कन्स्ट्रेंट लागतंच, म्हणून तिथे इंडेक्स असतो. चाइल्डच्या कॉलमवर तुम्ही स्वतः बनवला तरच. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइटमध्येही तसंच. ओरॅकलमध्ये हा इंडेक्स नसला तर वेळ जातोच, शिवाय पॅरेंटची रो काढताना अख्ख्या चाइल्ड टेबलवर लॉक लागतो आणि बाकीचे लोक ताटकळतात. एसक्यूलाइटमध्ये आणखी एक बघा: तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते.

मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन मात्र इंडेक्स नसेल तर स्वतः बनवतं. गैरसमज बहुधा इथूनच सुरू होतो. मायएसक्यूएलवर शिकलेला मुलगा पोस्टग्रेसवर आला की तेच गृहीत धरतो.

कुठे इंडेक्स राहिलाय, हे शोधायचं कसं?

पोस्टग्रेसमध्ये सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे 'एक्स्प्लेन ॲनालाइझ'. नुसत्या 'एक्स्प्लेन'ने इथे फसगत होते. तो फक्त ऑर्डर टेबलवरची डिलीट दाखवतो, तिचा खर्च किरकोळ दिसतो आणि कॅस्केडचा कुठेही उल्लेख नसतो. 'ॲनालाइझ' जोडलं की खाली ट्रिगरच्या ओळी येतात: अमुक कन्स्ट्रेंटचा ट्रिगर, इतका वेळ, इतक्या वेळा चालला. सगळा वेळ जिच्यात जातोय ती ओळ लगेच डोळ्यांत भरते. कन्स्ट्रेंटच्या नावात साधारणपणे चाइल्ड टेबल आणि कॉलमचं नाव असतं, म्हणजे इंडेक्स कुठे हवा हेही तिथेच कळतं.

पण 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' डिलीट खरोखर चालवतो. म्हणून आधी 'बिगिन' (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट, सुरू), मग तो, मग 'रोलबॅक' (सगळे बदल रद्द). आणि १०,००० ऑर्डरींवर नको, ५ किंवा १० ऑर्डरींवर चालवा. एका ऑर्डरीला किती वेळ जातो तेवढं कळलं की पुरे. रोलबॅक होईपर्यंत त्या रो लॉक राहतात, त्यामुळे चालू डेटाबेसवर 'बिगिन' करून चहाला जाऊ नका.

एकेका डिलीटची वाट न बघता सगळ्या डेटाबेसची तपासणी एकदाच करायची असेल, तर पोस्टग्रेसच्या 'पीजी_कन्स्ट्रेंट' कॅटलॉगमधून सगळ्या फॉरेन की काढा आणि 'पीजी_इंडेक्स'शी जुळवा. ज्या फॉरेन कीचे कॉलम कुठल्याही इंडेक्सच्या सुरुवातीला सापडत नाहीत, ती तुमची यादी. ही क्वेरी एकदा लिहून प्रोजेक्टमध्ये ठेवा आणि नवीन टेबल आलं की चालवा.

आणखी एक खूण आहे. 'पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स'मध्ये टेबल किती वेळा पूर्ण वाचलं गेलं याचा आकडा असतो. चालू ट्रान्झॅक्शनची मोजणी तिथे येत नाही, म्हणून ५-१० ऑर्डरींच्या चाचणीआधी आणि ती संपल्यावर तो बघा; माग_नोंदचा आकडा एकदम वाढला असेल तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त मात्र तुमची वरची डिलीटच दिसते. आत नेमकं काय चाललंय ते बघायचं असेल तर 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' एक्स्टेंशनचं ट्रॅकिंग 'ऑल' वर ठेवावं लागतं.

एसक्यूएल सर्व्हरवर काम सोपं आहे. तिथे कॅस्केडचा भाग एक्झिक्युशन प्लॅनमध्येच येतो, चाइल्ड टेबलचं पूर्ण स्कॅन समोर दिसतं.

कारखाना तीन पाळ्यांत चालतो. चालू डेटाबेसवर इंडेक्स बनवायचा कसा?

साधा 'क्रिएट इंडेक्स' त्या टेबलवरचं लिहिणं थांबवतो. मागांच्या नोंदी येत असताना ते चालणार नाही. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' वापरा. तो टेबल दोनदा वाचतो, वेळ जास्त घेतो, पण लिहिणं चालू राहतं. ट्रान्झॅक्शनच्या आत मात्र चालत नाही, त्यामुळे मायग्रेशन टूलमध्ये (टेबलांच्या रचनेतले बदल चालवणाऱ्या साधनात) त्या एका मायग्रेशनपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. मधेच अडकला किंवा रद्द झाला तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. डिलीटला त्याचा काही उपयोग नाही आणि प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार तेवढा पडतो. तो ड्रॉप करून पुन्हा बनवा.

पोस्टग्रेस १२ पासून 'पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स'मध्ये काम कुठवर आलं ते दिसतं. मालक "अजून किती?" विचारतील तेव्हा हातात काहीतरी आकडा असतो.

इंडेक्स आहे, तरीही हळूच चालतं. आता?

आधी कॉलमचा क्रम बघा. (पाळी_तारीख, आयटम_क्रमांक) असा जोड-इंडेक्स असेल तर नुसत्या आयटम क्रमांकाने शोधायला तो कामाचा नाही. आयटम क्रमांक पहिला हवा. बहुतेक रोमध्ये फॉरेन की नल (रिकामी) असेल, तर 'नल नसलेल्या रोंपुरता' पार्शियल इंडेक्स चालतो. तो लहान राहतो आणि कॅस्केडला वापरताही येतो.

मग विसरलेलं टेबल शोधा. माग_नोंदला इंडेक्स दिला, पण आयटमला फॉरेन कीने जोडलेलं 'नमुना_फोटो' नावाचं टेबल कुणीतरी मागे जोडून ठेवलंय, त्यावर इंडेक्स नाही. कॅस्केड नसली, साधी 'नो ॲक्शन' असली, तरी प्रत्येक आयटम काढताना 'याला कुणी धरून आहे का' हे त्या टेबलात तपासावंच लागतं. टेबल रिकामं असेल तर त्रास नाही, भरलं की त्रास. एकच टेबल स्वतःकडे बोट दाखवत असेल, उदाहरणार्थ आयटममध्ये 'मूळ_आयटम' असा कॉलम, तर त्यालाही हेच लागू.

तुमचे स्वतःचे ट्रिगरही बघा. रोमागे ऑडिट टेबलात एक ओळ लिहिणारा ट्रिगर असेल तर २० लाख रो काढताना २० लाख रो लिहिल्याही जातात. पोस्टग्रेसमध्ये कॅस्केडने गेलेल्या रोंवरही हे ट्रिगर चालतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये उलट आहे, तिथे कॅस्केडने गेलेल्या रोंवर ट्रिगर चालत नाहीत. म्हणजे तिथे वेग मिळतो, पण ऑडिटमध्ये भोकं पडतात आणि ती महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत.

शेवटी मेमरी. पोस्टग्रेसचा 'शेअर्ड बफर्स' आणि इनोडीबीचा बफर पूल (डेटा हाताशी ठेवायची मेमरी), दोन्ही न बदलता सोडले तर १२८ एमबी असतात. ३२ जीबीच्या सर्व्हरवर इनोडीबी १२८ एमबीत काम करत असेल, तर प्रत्येक डिलीट डिस्ककडे धावते. ही सेटिंग बदलायला पैसा लागत नाही.

एकाच डिलीटमध्ये सगळं काढू की तुकड्यांनी?

चालू कारखान्याच्या डेटाबेसवर तुकड्यांनीच. एका ट्रान्झॅक्शनमध्ये सगळं करण्याची सोय एवढीच, की झालं तर सगळं झालं, नाहीतर काहीच नाही. जुना डेटा काढताना त्या सोयीची गरज नसते. निम्म्या जुन्या ऑर्डरी आज गेल्या आणि निम्म्या उद्या, तर कुणाचं काही अडत नाही. पण ती एक मोठी ट्रान्झॅक्शन किंमत भरपूर घेते. लॉक तासन्‌तास धरले जातात. पोस्टग्रेसमध्ये ती संपेपर्यंत नव्याने मेलेल्या (काढलेल्या, पण फाइलमध्ये पडून असलेल्या) रो व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला, साफ करता येत नाहीत, आणि ते सगळ्याच टेबलांबाबत, फक्त याच नाही. ओरॅकलमध्ये अनडू (बदल उलटवता यावा म्हणून ठेवलेला जुना डेटा) फुगतो. रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळवली जाणारी प्रत) असेल तर ती मागे पडते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एका टेबलवर साधारण ५,००० लॉक घेतले की तो अख्ख्या टेबलचा लॉक घ्यायला बघतो, आणि मग डिस्पॅचचा माणूस चलन काढू शकत नाही.

पद्धत अशी: काढायच्या ऑर्डरींचे क्रमांक आधी एका कामचलाऊ टेबलात घ्या. त्यातून ५०० किंवा १,००० उचला, डिलीट करा, कमिट करा (बदल पक्के करा), क्षणभर थांबा, पुढचे उचला. तुकडा किती मोठा हे ऑर्डरींच्या संख्येवर ठरवू नका, खाली किती रो जातात त्यावर ठरवा. १,००० ऑर्डरी म्हणजे ८,००० आयटम, आणि एकेका आयटमखाली शंभर माग_नोंदी असतील तर ८ लाख रो. तेवढा तुकडा दिवसा मोठाच झाला. एक तुकडा दोन-चार सेकंदांत संपेल असा आकडा धरा.

क्रमांकांच्या टेबलचा आणखी एक फायदा आहे. 'सगळ्यांत जुन्या १,००० काढ' असं पुन्हापुन्हा म्हणत गेलं तर पोस्टग्रेसला दरवेळी आधीच्या मेलेल्या रो ओलांडून पुढे जावं लागतं, म्हणून विसावा तुकडा पहिल्यापेक्षा हळू चालतो. क्रमांक हातात असले की तो थेट तिथे जातो. शिवाय काम कुठे थांबलं हे त्या टेबलातच दिसतं. पोस्टग्रेसच्या डिलीटमध्ये 'लिमिट' नाही, त्यामुळे असंही क्रमांकांनीच जावं लागतं. पोस्टग्रेस ११ पासून प्रोसीजरच्या आत कमिट करता येतं, लूप तिथेही लिहिता येईल. मला मात्र बाहेरची पायथन किंवा शेल स्क्रिप्ट बरी वाटते. थांबवणं सोपं, वेग कमी-जास्त करणं सोपं.

दिवस निवडायची मुभा असेल तर कारखान्याचं कॅलेंडर बघा. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, दिवाळी, यांत आपल्याकडे काम कधी मंद असतं हे सुपरवायझरना बरोबर माहीत असतं. महिनाअखेर आणि बिलिंगचे दिवस टाळा.

कॅस्केडवर न सोडता स्वतः खालून वर काढत गेलो तर?

मोठ्या कामात हे खूप फरक पाडतं. कॅस्केड रोमागे एक अशी हजारो छोटी कामं करते. तुम्ही स्वतः 'या तुकड्यातल्या ऑर्डरींच्या आयटमांच्या सगळ्या माग_नोंदी काढ' अशी एकच डिलीट जॉइन लावून दिलीत, तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) पूर्ण संच एकदम बघतो, हॅश जॉइन करायचा की इंडेक्सने जायचं हे ठरवतो. आधी माग_नोंद, मग आयटम, शेवटी ऑर्डर.

तरीही इंडेक्स लागतोच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खालचं सगळं आधीच काढलं तरी आयटम काढताना कॅस्केडचा ट्रिगर 'खाली कुणी उरलंय का' हे रोमागे एकदा बघायला जाणारच. इंडेक्स असेल तर लगेच रिकाम्या हाताने परत येतो. नसेल तर पुन्हा तेच, उरलेल्या दोन कोटी रो वाचून काहीच न सापडणं.

फॉरेन की तात्पुरती बंद करून डिलीट केली तर? इंटरनेटवर सगळे तेच सांगतात.

करू नका. पोस्टग्रेसमध्ये 'सेशन_रेप्लिकेशन_रोल' 'रेप्लिका'वर नेऊन किंवा मायएसक्यूएलमध्ये 'फॉरेन_की_चेक्स' शून्य करून डिलीट झटक्यात होते हे खरं आहे. कारण कॅस्केडच चालत नाही. ऑर्डरी जातात, आयटम आणि माग_नोंदी अनाथ होऊन पडून राहतात. तपासणी पुन्हा चालू केल्यावर दोन्हींपैकी कुठलाही डेटाबेस मागे जाऊन जुन्या रो तपासत नाही. पुढे कधीतरी मागांच्या उत्पादनाची बेरीज ऑर्डरींच्या बेरजेशी जुळत नाही, आणि कुठे चुकलं ते शोधायला कुणाकडे धागाच नसतो.

कन्स्ट्रेंट काढूनच काम करायचं असेल, म्हणजे कारखाना बंद आहे आणि तुमच्याशिवाय कुणी लिहीत नाही, तर ते उघडपणे करा. कन्स्ट्रेंट ड्रॉप करा, खालून वर सगळं काढा, मग कन्स्ट्रेंट 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडा आणि 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवा. ते टेबल तपासतं आणि अनाथ रो सापडली तर स्पष्ट नकार देतं. तो नकार मिळणं ही चांगली गोष्ट आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्स्ट्रेंट परत चालू करताना 'विथ चेक चेक' द्या, नाहीतर डेटाबेस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि प्लॅनरला त्याचा उपयोग होत नाही.

'सेट कन्स्ट्रेंट्स डिफर्ड'बद्दलही विचारणा होते. कॅस्केड पुढे ढकलली जात नाही, फक्त 'नो ॲक्शन'ची तपासणी ढकलली जाते. इथे तो मार्ग नाही.

'ट्रंकेट कॅस्केड' चालेल का?

पोस्टग्रेसमध्ये 'ट्रंकेट ऑर्डर कॅस्केड' म्हणजे ऑर्डर, आयटम, माग_नोंद आणि त्यांना फॉरेन कीने जोडलेलं प्रत्येक टेबल पूर्ण रिकामं. कुठल्या ऑर्डरी हा प्रश्नच नाही, आणि फॉरेन कीवर कॅस्केड आहे की 'रिस्ट्रिक्ट' (खाली रो असतील तर डिलीट अडवणारं) हेही तो बघत नाही. टेस्टिंगच्या डेटाबेसवर ठीक. चालू डेटाबेसवर हे वाक्य टाइपच करू नका.

दरवर्षी जुनी वर्षं काढावी लागतात. कायमचा उपाय?

पार्टिशन, म्हणजे एकच टेबल आतून तुकड्यांत वाटणं. माग_नोंद महिन्याप्रमाणे पार्टिशन केलं तर जुना महिना काढणं म्हणजे ते पार्टिशन वेगळं करून ड्रॉप करणं. रोमागे काहीच काम नाही, डिस्कही लगेच मोकळी. पोस्टग्रेस १४ पासून 'डिटॅच पार्टिशन कन्करंटली' आहे, त्याने बाकीचे लोक अडत नाहीत. पार्टिशन केलेल्या टेबलातून फॉरेन की बाहेर नेणं ११ पासून जमतं, आणि पार्टिशन केलेल्या टेबलाकडे फॉरेन की आणणं १२ पासून. प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा कॉलम यावा लागतो, म्हणून टेबलाची रचना आधीच तशी करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीच्या पार्टिशन टेबलांना फॉरेन की चालत नाही, तिथे दोन्हींतलं एक निवडायचं.

एक अडचण आधीच विचारात घ्या. मार्चमध्ये आलेली ऑर्डर एप्रिल-मेपर्यंत मागावर असते. त्यामुळे मार्चच्या ऑर्डरी आणि मार्चच्या माग_नोंदी हे एकमेकांचे जोड नाहीत. पार्टिशन काढताना शेवटची नोंद ज्या महिन्याची, तिथपर्यंत ऑर्डर राहू द्या.

पार्टिशन नाही आणि एकदाच खूप काढायचंय, समजा टेबलातले दहापैकी नऊ हिस्से जायचेत, तर उरणारा हिस्सा नव्या टेबलात कॉपी करून नावं बदलणं जास्त जलद असतं. मात्र इंडेक्स, फॉरेन की, परवानग्या, व्ह्यू, सिक्वेन्स, सगळं नव्या टेबलावर पुन्हा उभं करावं लागतं, आणि कॉपी चालू असताना लिहिणं बंद हवं. सुट्टीच्या दिवशीचं काम आहे हे.

आमचा कॅस्केड कोडमध्ये आहे, डेटाबेसमध्ये नाही. फरक पडतो का?

खूप. जँगोच्या मॉडेलमधलं नेहमीचं 'कॅस्केड' जँगो स्वतः पायथनमध्ये करतो, डेटाबेसला काही सांगत नाही. आधी चाइल्डचे ऑब्जेक्ट गोळा करतो, मग काढतो. दोन कोटींच्या टेबलावर सर्व्हरची मेमरी तिथेच संपते. रेल्समधलं 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' प्रत्येक रो उचलून एकेक काढतं. 'डिलीट_ऑल' एका क्वेरीत काढतं, पण त्याच्याखालच्या पातळीकडे बघत नाही. हायबरनेटचं 'कॅस्केड रिमूव्ह'ही एकेक करतच जातं. लॅराव्हेलच्या मायग्रेशनमधलं 'कॅस्केड ऑन डिलीट' मात्र खरोखर डेटाबेसमध्ये जातं. स्वच्छतेच्या मोठ्या कामाला ओआरएम (कोडमधून डेटाबेस हाताळणारे असे थर) बाजूला ठेवा आणि सरळ एसक्यूएल लिहा. जँगो फॉरेन कीला इंडेक्स आपोआप देतो, त्यामुळे तिथे निदान ती काळजी नसते.

सॉफ्ट डिलीट केलं तर हा प्रश्नच संपेल ना?

वापरणाऱ्यासाठी संपतो. बटण दाबलं की ऑर्डरीवर 'काढलेली' अशी तारीख पडते, स्क्रीन लगेच मोकळी होते, आणि रात्री एक स्क्रिप्ट तुकड्यांनी खरी डिलीट करते. ही रचना मला सगळ्यांत पटते. पण रात्रीची स्क्रिप्ट न लिहिता नुसती तारीख टाकत राहिलात तर टेबल वाढतच जातं आणि प्रत्येक क्वेरीत 'काढलेली नाही' ही अट लावायचं कुणीतरी विसरतं.

मुळात काय काढायचं, हे कुणी ठरवायचं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, खरं तर तो पहिला यायला हवा. कॅस्केड तिथेच लावा जिथे पॅरेंटशिवाय चाइल्डला अर्थ नाही. आयटमशिवाय माग_नोंदीला अर्थ नाही, तिथे ठीक. पण ऑर्डर काढली म्हणून तिचं बीजक जाता कामा नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२२-२३ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे ती कागदपत्रं डिसेंबर २०२९ पर्यंत हवीत, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर आणखी पुढेही. बीजक, पावती, खतावणी यांच्या फॉरेन कीवर 'रिस्ट्रिक्ट' लावा. डिलीट अडली तर अडू द्या. ती अडण्यासाठीच ते आहे.

दुसऱ्या बाजूला, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, कायद्याने ठेवावी लागणारी माहिती सोडून. म्हणजे एखाद्या कामगाराचा मोबाइल क्रमांक पुसावा लागेल आणि त्याच्या पगाराची नोंद ठेवावी लागेल. हे दोन्ही एकाच रोमध्ये असेल तर डिलीट हे उत्तरच नाही, तो कॉलम रिकामा करणं हे उत्तर आहे. यादी करा, मालकांसोबत त्यांच्या सीएकडे जा, आणि लेखी ठरवून घ्या.

डिलीट झाली, पण डिस्क तेवढीच भरलेली दिसते.

बरोबर दिसते. पोस्टग्रेसमध्ये काढलेल्या रो आधी मेलेल्या म्हणून पडून राहतात, व्हॅक्यूम त्यांची जागा पुन्हा वापरण्यासाठी मोकळी करतो, पण फाइल सहसा लहान होत नाही. ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगमध्ये टेबलाचा साधारण २० टक्के भाग बदलल्यावर जागा होतो. २ कोटींच्या टेबलात ते ४० लाख रो झाले. वाट बघू नका, काम संपलं की 'व्हॅक्यूम ॲनालाइझ' स्वतः चालवा. 'व्हॅक्यूम फुल' फाइल लहान करतो, पण तेवढा वेळ टेबल वाचताही येत नाही. मायएसक्यूएलमध्ये जागा परत हवी तर 'ऑप्टिमाइझ टेबल'. पुढच्या वर्षीचा डेटा त्याच मोकळ्या जागेत बसणार असेल तर दोन्ही करू नका.

डिलीट चालू असताना वीज गेली, यूपीएसही संपला. डेटा बिघडेल का?

कमिट झालेले तुकडे राहतील, चालू तुकडा परत फिरेल. डिस्कने 'लिहिलं' म्हटल्यावर खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे एवढी अट आहे, म्हणून पोस्टग्रेसचा 'एफसिंक' वेगाच्या मोहात कधीही बंद करू नका. उन्हाळ्यात वीज जायचं प्रमाण वाढतं तेव्हा तुकड्यांनी काम केल्याचं बरं वाटेल.

डेटाबेसाप्रमाणे पुढचा अनुभव वेगळा असतो. पोस्टग्रेस मागच्या चेकपॉइंटपासूनचा (सगळे बदल डेटा फाइलींत पक्के लिहिल्याच्या टप्प्यापासूनचा) लॉग वाचून उभा राहतो, अर्धवट डिलीट उलटवायला त्याला वेगळं काम पडत नाही. इनोडीबीला अर्धवट ट्रान्झॅक्शन एकेक रो करत उलटवावी लागते. सर्व्हर सुरू झाल्यावर ते मागे चालू राहतं, आणि तासाभराच्या डिलीटला त्याहून जास्त वेळही लागू शकतो. घाबरून सर्व्हर पुन्हा बंद केला तर ते काम थांबून पुढच्या वेळी परत सुरू होतं.

काल रात्रीपासून डिलीट चालू आहे. आत्ता, या क्षणी काय करू?

पोस्टग्रेस असेल तर रद्द करा. 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड'ला त्या सेशनचा क्रमांक द्या, रोलबॅक जवळपास लगेच होतो. केलेलं काम वाया गेलं असं वाटून थांबू नका. इंडेक्स नसेल तर ते संपायला अजून दोन दिवसही लागू शकतात. डिलीट चालू ठेवून दुसऱ्या सेशनमधून 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' द्यायचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो इंडेक्स डिलीटची ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघत बसतो, म्हणून उपयोग नाही. आधी रद्द, मग इंडेक्स, मग १० ऑर्डरींवर मोजणी, मग तुकडे.

मायएसक्यूएल असेल तर किल करण्याआधी किती रो गेल्यात याचा अंदाज घ्या. 'इन्फॉर्मेशन_स्कीमा'तल्या 'इनोडीबी_टीआरएक्स'मध्ये बदललेल्या रोंचा आकडा दिसतो. काम बरंचसं झालं असेल तर ते संपू देणं रोलबॅकपेक्षा स्वस्त पडतं.